शिंजिराचं पिल्लू आणि साखरपाणी

या मार्चच्या अखेरीस माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्रफीत पाठवली. बुटांचं खोकं, त्यात कापूस, कापसात अंगठ्याएवढं एक पिल्लू. त्याच्या चोचीपाशी ड्रॉपर धरलेला, आणि मागून एका लहान मुलाचा आवाज, "प्यायला! आजोबा, प्यायला!" खाली माझ्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं, "बाई, ओळखलंत का? आपण शाळेत केलं होतं ना, अगदी तस्संच. नातवाला शिकवतोय."

मी ओळखलं. आणि पोटात गोळा आला.

आज जे लिहिते आहे ते थोडं रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. राग त्या नातवावर नाही, त्याच्या आजोबांवरही फारसा नाही. तो कुणावर आहे ते पुढे कळेलच.

ही गोष्ट १९७९ ची. मी तेव्हा रत्नागिरीजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये नवीनच लागले होते. विषय मराठी आणि इतिहास. पण शाळा लहान, शिक्षक कमी, म्हणून सहावीचं शास्त्रही माझ्या गळ्यात पडलं होतं. शास्त्राशी माझा संबंध अकरावीलाच संपलेला! वार्षिक परीक्षेच्या आधीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत चार पोरं धावत आली. एकाच्या ओंजळीत शिंजिराचं पिल्लू. जास्वंदीवरचं घरटं कुणीतरी काठीने पाडलं होतं, किंवा कावळ्याने; ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे कुणी शिंजीर म्हणतं, कुणी फुलचुखी, कुणी सूर्यपक्षी. मोठा पक्षीही वजनाने जेमतेम आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांत मावेल इतक्या साखरेएवढा.

पोरांनी विचारलं, "बाई, परत ठेवू का झाडावर?"

मी म्हणाले, "आता नको. माणसाचा हात लागला. आई घेणार नाही."

हे मला कुणी सांगितलं होतं? माझ्या आजीने. आजीला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. पण मी बाई होते, मी सांगितलं म्हणजे ते खरं होतं.

मग वर्गात उत्साहाची लाट आली. खोकं आलं, कापूस आला. "फुलातला मध पितो ना तो? मग त्याला साखरपाणी देऊ या," असं मीच सुचवलं. दौतीतून पेनात शाई भरायचा ड्रॉपर आम्ही धुऊन घेतला. पाळ्या लावल्या. फळ्यावर पाळीची नावं लिहिली! पिल्लू चोच उघडायचं, आम्ही थेंब सोडायचो. पहिल्या दिवशी ते चिवचिवत होतं. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर्ग उघडला तेव्हा ते कापसात आडवं पडलेलं होतं, आणि चोचीभोवती साखरेचा चिकट थर होता.

मुलं रडली. एक मुलगा फारच. त्याने मला विचारलं, "बाई, आम्ही तर सारखं पाजत होतो, मग मेलं कसं?" आणि मी त्याला जवळ घेऊन म्हणाले, "बाळा, त्याचं आयुष्यच तेवढं होतं रे."

तो मुलगा म्हणजेच हा आजोबा.

तर राग कुणावर आहे ते कळलं असेल. आयुष्य तेवढं नव्हतं. ते पिल्लू आम्ही मारलं. हे कळायला मला पुढची पंचवीसेक वर्षं लागली, आणि कळल्यावरही मी कुणाला शोधून सांगितलं नाही. मास्तरकीतली चूक अशीच असते, ती वर्गाबाहेर पडली की आपल्या हातात राहत नाही. सेहेचाळीस वर्षांहून जास्त काळानंतर ती माझ्याच मोबाईलवर परत आली.

आता मुद्द्यावर येते. फुलातल्या मधुरसावर जगणारा पक्षी फक्त मधुरसावर जगतो, हा आपला मूळ गैरसमज. मधुरस म्हणजे मुख्यतः साखर आणि पाणी. साखर म्हणजे इंधन. शिंजिरासारखा चिमुकला पक्षी दिवसभर या फुलावरून त्या फुलावर धावतो. त्याला ते इंधन सतत लागतं, इतकं की दिवसभरात स्वतःच्या वजनाहून जास्त मधुरस तो पिऊ शकतो. पण नुसत्या इंधनावर हाडं बनत नाहीत, पिसं फुटत नाहीत, स्नायू भरत नाहीत. त्यासाठी प्रथिनं लागतात, चुना लागतो. ते त्याला मिळतं कोळ्यांतून, अळ्यांतून, चिलटांतून, मावा-तुडतुड्यांतून. मोठा शिंजीरसुद्धा रोज किडे-कोळी खातोच. आणि पिल्लाचं तर मुख्य अन्नच ते! घरटं हलतं असेल अशा गॅलरीत अर्धा तास बसून पाहा. आई-बाप चोचीत काय आणतात? बहुतेक वेळा मऊ कोळी नाहीतर बारीकशी अळी. वाढीच्या दिवसांत पिल्लाला मांस लागतं, आणि आपण त्याला पाजतो सरबत.

त्या १९७९ च्या मार्चमध्ये माझ्या बिऱ्हाडी माजघरात केळ्यांचा घड पिकत टांगलेला होता. त्याच्याभोवती चिलटांचा ढग. मी रोज सकाळी पदराने ती चिलटं हाकलायची, आणि मग शाळेत जाऊन पिल्लाला साखरपाणी पाजायची. जे हवं होतं ते घरात हाकलत होते, जे नको होतं ते शाळेत भरवत होते. हे आठवलं की अजून हसू येत नाही.

बरं, नुसतं अपुरं अन्न एवढाच दोष नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे लगेच असतं. आई चोच घशात खोल घालून घास सोडते. आपण चोचीच्या टोकाशी थेंब सोडतो, तो थेंब श्वासनलिकेत उतरला की फुप्फुसं भरतात. पिल्लू बुडून मरतं, कोरड्या खोक्यात. शिवाय पिल्लू गार पडलेलं असेल तर त्याला काहीच पचत नाही. आधी ऊब द्यायची असते. आम्ही ऊब म्हणून कापूस दिला, आणि त्या कापसाच्या तंतूंत त्याची नखं अडकत होती. तेही आम्हाला गंमत वाटत होती.

"साखर नको तर मध द्या, तो तर नैसर्गिक!" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अहो, मध हा मधमाशीने आटवून घट्ट केलेला असतो. फुलातला रस पातळ असतो. आणि मधात जिवाणूंची बीजं असू शकतात, म्हणून तर डॉक्टर वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका म्हणून सांगतात. (आपण तरी चाटवतोच, तो भाग वेगळा.) पातळ केलेला मध कोकणातल्या उन्हात दुपारपर्यंत आंबायला लागतो, बुरशी धरतो. साखरपाण्याचंही तेच. माड काढणाऱ्यांना हे सांगायला नको, सकाळची नीरा संध्याकाळी काय होते ते त्यांना ठाऊक आहे. झाडाला उलटा लटकून झोपणारा चिमणीएवढा हिरवा पोपट आपल्या पश्चिम घाटात असतो, तोही मधुरस पिणारा. तो माडीच्या मडक्यांवर येतो आणि झिंगतो असं पक्षिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतही नोंदलेलं आहे. त्याला निदान उडून जायची मुभा असते. पिंजऱ्यातल्याने काय करावं?

आणखी एक. साखर म्हटली की सगळ्या पक्ष्यांना सारखीच चालते असंही नाही. युरोपातली जी साळुंकी, स्टार्लिंग म्हणतात ती, तिच्या आतड्यात आपली साधी साखर फोडणारा पाचकरसच नसतो. ती साखर प्यायली की जुलाब. म्हणजे आपल्याकडे "सर्व पक्ष्यांसाठी गोड पाणी ठेवा" असे जे संदेश उन्हाळ्यात फिरतात, ते पाठवणाऱ्याने निदान कुठला पक्षी एवढं तरी विचारावं. साधं पाणी ठेवा की! साध्या पाण्यात काय वाईट आहे? पण नाही. आपल्याला गोड केल्याशिवाय प्रेम केल्यासारखं वाटत नाही. पाहुणा आला की लाडू, नापास झाला तरी लाडू. खायला घातलं की आपलं कर्तव्य झालं, पुण्य पदरात पडलं. खाणाऱ्याला ते मानवलं का, हे विचारायची पद्धत आपल्यात नाही.

या संदेशांत हल्ली आणखी एक थट्टा असते. "आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड आला!" असं लिहून शिंजिराचा फोटो टाकतात. हमिंगबर्ड भारतात नाही. आशियातच नाही. तो फक्त अमेरिका खंडांतला पक्षी. तिथे लोक बागेत लाल नळ्यांच्या बाटल्या टांगतात, एक भाग साखर आणि चार भाग पाणी असं प्रमाण असतं, रंग घालायचा नाही, बाटली वरचेवर धुवायची. हे सगळं मोकळ्या पक्ष्यासाठी. तो येतो, दोन घोट घेतो, आणि जाऊन किडे पकडतो. बाटली म्हणजे त्याच्या जेवणातलं पन्हं. आपण बाटली उचलली आणि किडे विसरलो. मग वर पिंजराही आणला.

"पण परदेशात पाळतातच ना?" पाळतात. इंग्रजांनी आपले शिंजीर इथून नेऊन पाळायचा हौसेने प्रयत्न केला होता. पक्षी पाळणाऱ्या हौशी मंडळींची अ‍ॅव्हिकल्चरल सोसायटी इंग्लंडात १८९४ साली निघाली. त्या काळातल्या पाककृती वाचल्या तर डब्यातलं घट्ट दूध, मध आणि तान्ह्या मुलांचं तयार अन्न, यांचं कालवण शिंजिराला देत. साहेबाच्या बाळाचं अन्न कोकणातल्या पाखराला! पुढे त्यांच्या ध्यानात आलं की माश्या पैदा केल्याशिवाय हे पक्षी टिकायचे नाहीत. आज ज्या प्राणिसंग्रहालयांत मधुरसावरचे पक्षी नीट जगतात तिथे प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं मिसळलेला रस दिवसातून अनेकदा ताजा करून ठेवतात, भांडी उकळतात, आणि शिवाय कुजक्या फळांवर फळमाश्या वाढवून पिंजऱ्यात सोडतात. पगारी माणसं असतात त्यासाठी. एका बुटाच्या खोक्याचं आणि ड्रॉपरचं ते काम नाही.

आता दुसरा प्रकार, हौसेने विकत आणलेल्या पक्ष्यांचा. मुंबई-पुण्याच्या पक्ष्यांच्या दुकानांतून हल्ली लोरी आणि लोरिकीट दिसतात. निळं डोकं, केशरी छाती, हिरवी पाठ. पाहिलं की कुणालाही मोह व्हावा. आमच्या आळीतही एकाकडे आला होता. हे पोपट ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडचे, आणि पोपट असूनही दाणे खाणारे नव्हेत! त्यांच्या जिभेला टोकाशी ब्रशासारखे केसाळ तंतू असतात, त्यांनी ते फुलांतला रस आणि पराग चाटतात. परागातून त्यांना प्रथिनं मिळतात. आपल्या घरी आल्यावर त्यांना मिळतं काय? सूर्यफुलाच्या बिया, पोळीचा तुकडा, चहात बुडवलेलं बिस्कीट. "खातो की सगळं!" असं मालक कौतुकाने सांगतो. खातोच. उपाशी काय करेल? पातळ अन्नाचा पक्षी म्हणून शीटही पातळ, ती भिंतीवर उडते, मग बायको कटकट करते, मग पिंजरा मागच्या पडवीत जातो. पुढचं सांगत नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये करम्बिन म्हणून जागा आहे. तिथे अ‍ॅलेक्स ग्रिफिथ्स नावाच्या फुलशेती करणाऱ्या माणसाची फुलं हे लोरिकीट ओरबाडत. त्यांना फुलांपासून दूर ठेवायला त्याने १९४७ पासून त्यांना खायला घालायला सुरुवात केली, आणि थव्याने येणारे पक्षी पाहायला लोक जमू लागले. फुलवाल्याने पक्ष्यांपासून फुलं वाचवली, पण पक्षी पकडले नाहीत. ते येतात, पोटभर गोंगाट करतात, उडून जातात. आपल्याकडे हीच कल्पना येताना मध्येच कुठेतरी तिला गज लागतात.

कायद्याचंही बोलू. शिंजीर काय, पोपट काय, साळुंकी काय, आपल्या देशातला रानपक्षी पकडणं आणि पिंजऱ्यात बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. भारतीय पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून पूर्ण बंद आहे. परदेशी पक्ष्यांना ही बंदी नाही, पण बहुतेक लोरींसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या पक्ष्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते, २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले. किती मालकांनी केली असेल, तुम्हीच अंदाज करा. "आम्ही पाळत नाही हो, वाचवतोय," हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं असल्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

मला खरं दुःख याचं होतं की हे सगळं आपल्याच कोकणात, आपल्याच आंब्याच्या झाडाकडे मान वर करून पाहिलं असतं तरी कळलं असतं. आंब्यावर बांडगूळ येतं. बागायतदार त्याला शिव्या घालतो, आणि ते योग्यच आहे, कारण ते झाडाचा रस पितं. वेळीच तोडावं लागतं. माझे दीर दरवर्षी कोयता घेऊन चढायचे. पण त्या बांडगुळाच्या लांबट नळीसारख्या फुलांवर दिवसभर कोण असतं? शिंजीर. तो चोच घालतो, परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर जातात. मग फळ धरतं, ते दुसरा एक चिमुकला पक्षी, फुलटोचा, खातो आणि चिकट बी फांदीला पुसतो. सालीम अलींनी नेमक्या याच विषयावर, कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्यांचा वाटा काय, यावर १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, भारतातली कुठली फुलं पक्ष्यांची आणि कुठले पक्षी फुलांचे, यावर आणखी मोठा लेख लिहिला. माझा जन्मसुद्धा झाला नव्हता तेव्हा! आणि मी सहावीला शास्त्र शिकवताना सालीम अली हे नाव फक्त सामान्यज्ञानाच्या एका ओळीत सांगितलं. "प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ कोण?" एक गुण.

शिंजिराला खायला घालायचंच असेल तर घाला की. पण बाटलीने नव्हे. परसात केळ लावा, केळफुलावर तो येतो. जास्वंद लावा, पांगारा लावा, धायटी लावा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर कुंडीत मिरची-जास्वंद लावा. ते फूल पुरतं उघडत नाही, तर हा चोर देठापाशी भोक पाडून रस ओढतो. चालेल, चोरू दे. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या झाडांवर औषध फवारू नका. किडे मेले की पिल्लांचं जेवण मेलं. हे मात्र लोकांना पटत नाही. शिंजीर हवा, पण कोळी नको, अळी नको, चिलट नको. गोड तेवढं निसर्ग, बाकीची घाण!

आणि पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर? पिसं नीट आलेली असतील, आखूड शेपटी असेल, टुणटुणत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजराला हाकला आणि तुम्हीही निघा. पिसं नसतील तर उचला आणि घरट्यात परत ठेवा. हो, हाताने. आईला माणसाचा वास वगैरे काही लागत नाही. चार दिवस राबून वाढवलेलं पोर ती तेवढ्यासाठी टाकत नाही. घरटं मोडलं असेल तर नारळाची करवंटी घ्या, तळाला पाणी निथळायला दोन भोकं पाडा, आत सुकं गवत घाला, पिल्लू ठेवा आणि जुन्या जागेच्या शक्य तितकं जवळ, सावलीत टांगा. मग लांब जाऊन बसा. आई-बाप आवाजाने येतात. आलेच नाहीत, किंवा पिल्लू जखमी असेल, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर उबेला ठेवा. तोंडात काही घालू नका. काही म्हणजे काहीच.

एवढं सगळं मला त्या चित्रफितीनंतर लगेच सांगायचं होतं. मी फोन केला. नातवाचे आजोबा म्हणाले, "बाई, कालपासून मस्त पितोय. ग्लुकोज पण घातलंय!" मी म्हटलं, "अरे, घरटं कुठे होतं?" तर गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेवर. "घरटं आहे अजून?" आहे, म्हणे, थोडं फाटलंय. "आणि आई-बाप?" तर म्हणाला, "येतात ते, सकाळपासून ग्रिलवर बसून कचकच करताहेत."

दोन दिवस ती आई घास घेऊन येत होती आणि ही मंडळी काचेच्या आत ड्रॉपर घेऊन बसली होती. मी त्याला, साठीच्या घरातल्या माणसाला, सहावीतल्यासारखं दटावलं. आताच्या आता गॅलरीत ने म्हटलं. नेतो म्हणाला. रिक्षा करून मी स्वतः नाचणे रस्त्याला त्याच्या घरी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. गुडघे आता पूर्वीसारखे चालत नाहीत, आणि तिसरा मजला. मी गेले तेव्हा पिल्लू करवंटीत होतं, करवंटी तारेला बांधलेली होती, सुतळीची गाठ अगदी पक्की. पण पिल्लू मान वर करत नव्हतं. मादी दोनदा आली. एकदा तिच्या चोचीत काहीतरी हिरवट होतं. ती करवंटीच्या काठावर बसली, वाकली, थांबली, आणि तो घास तसाच घेऊन उडून गेली.

संध्याकाळी मला मेसेज आला, "बाई, गेलं. आयुष्यच तेवढं होतं."

मी तो मेसेज बराच वेळ पाहत बसले. मग फोन केला आणि म्हटलं, नातवाला दे. तो रडत होता. त्याने अगदी त्याच्या आजोबांसारखं विचारलं, "बाईआजी, आम्ही तर सारखं पाजत होतो, मग का मेलं?" या वेळी मी त्याला खरं सांगितलं. की साखरपाणी त्याचं जेवण नव्हतं. की त्याची आई बाहेर जेवण घेऊन उभी होती. की हे तुला माहीत नव्हतं, तुझ्या आजोबांना माहीत नव्हतं, कारण त्यांना मी चुकीचं शिकवलं होतं. सहा वर्षांच्या मुलाला असं सांगावं का, यावर त्याची आई माझ्यावर थोडी रागावली आहे. रागावू दे.

मुलगा मात्र गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, "मग तुम्ही कोळी का नाही दिलात?"

"मला माहीत नव्हतं रे," मी म्हटलं.

"तुम्ही टीचर होतात ना?"

"होते."

ही मार्चमधली गोष्ट. मे महिन्यात त्याच तारेवर शिंजिरांनी पुन्हा घरटं बांधायला घेतलं. कोळ्याचं जाळं आणतात, त्यात वाळकी पानं, सालींचे तुकडे, अळ्यांची लीद असलं काय काय चिकटवतात आणि ती पिशवी वाऱ्यावर लोंबत ठेवतात. लांबून केराचा गोळा वाटतो. गेल्या आठवड्यात त्या मुलाच्या आईचाच फोन आला. रागाचा नव्हता. पावसाळ्याआधी घर झाडायला काढलंय, म्हणाली, आणि पोरगा गॅलरीतली जळमटं काढू देत नाही, झाडू धरून उभा राहतो. "बाई, तुम्हीच सांगा, ठेवू का मी ती तशीच?"

ठेव म्हटलं.